फुल्यांच्या नावाची दोन विद्यापीठं आणि नगरचे जंतू

नगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या मुलीनं बी.एस्सी.ला 'मायक्रो' घेतलं, मग ते नगरला असो, लोणीला की कोपरगावला, तर पदवीवर नाव येतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. शेतीच्या वाटेनं गेली तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. ही जोडी योगायोगानं जमली असेल, पण सूक्ष्मजीवशास्त्राचा इथला इतिहास सांगायला ती फार सोयीची आहे.

सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण नगरलाच झालं, अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्याकडे. आणि त्यांना नेलं प्लेगनं. पुण्याजवळच्या मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या, त्यातच लागण झाली, १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा प्लेगचा जंतू काही अज्ञात नव्हता. येर्सिननं तो १८९४ मध्ये हाँगकाँगला ओळखला होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी लस बनवून १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे ज्ञान होतं, मुंबई-पुण्याइतक्या अंतरावर होतं, आणि मधे बरोबर दोन महिने होते.

पुण्यात १८८९ मध्ये गुरांच्या रोगांसाठी सरकारी जंतुप्रयोगशाळा निघाली होती, तीही १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. ती इथेच राहती तर प्लेग थांबला असता असं म्हणणं बाष्कळपणाचं होईल. पण रयतेला जंतुशास्त्राची पहिली ओळख झाली ती शिक्षकाकडून नव्हे, प्लेगसाठी घरझडती घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरकडून, हे खरं. जे शास्त्र उंबरठा ओलांडून सक्तीनं आत येतं, त्यावर माणसं विश्वास का ठेवतील? या झडत्यांचा प्रमुख, पुण्याचा प्लेग अधिकारी रँड, याचा खून त्याच वर्षी जूनमध्ये झाला.

नगर जिल्ह्यात सूक्ष्मजीव पुढं आले ते रोग म्हणून नव्हे, रोजगार म्हणून. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. साखरेमागोमाग मळी आली, मळीमागोमाग डिस्टिलरी. तिथं खरा कामगार यीस्ट: साखर खातो, अल्कोहोल देतो, आणि टाकीचं तापमान चढलं की मान टाकतो. राहुरीनं हीच गोष्ट बांधावर नेली. उसाचं बेणं अॅसिटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास बुडवून लावायचं, कडधान्याच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम चोळायचं. पाकिटात काळी भुकटी दिसते, पण त्यात जीव आहे आणि ते उन्हात ठेवलं तर तो मरतो, हे दुकानदारालाही समजावून सांगावं लागतं.

आता वर्गात डोकावू. ग्रॅम रंजन सगळ्यांना येतं: जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण ज्यात नत्राचा कणही घातलेला नाही अशा मॅनिटॉलच्या माध्यमावर स्वतःच्या शेतातल्या मातीचे चार कण टाकून पाहावेत. काही दिवसांत कणांभोवती चकचकीत, बुळबुळीत वसाहती उठतात आणि जुन्या होत जातील तशा तपकिरी पडतात. तो अॅझोटोबॅक्टर, हवेतल्या नत्रावर जगणारा. चोपण पडलेल्या रानातली माती आणि माळावरची माती शेजारी शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांनी दिसू शकतो. त्या प्लेटपुढं बसलेल्या मुलीला पाठांतराची फारशी गरज उरत नाही.

माझी तक्रार इथंच आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा हा विषय औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागातल्या नोकरीची तयारी म्हणून घेतला जातो. नोकरी हवीच, त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. पण या जिल्ह्यातली एक गंमत अशी की अनेक ठिकाणी कारखाना आणि कॉलेज यांचं पुढारपण एकाच घराकडे आहे. डिस्टिलरीतून अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागं दहा ते पंधरा लिटर तांबूस-काळं सांडपाणी निघतं. बंद टाकीत मिथेन बनवणारे जंतू त्यातला बराचसा सेंद्रिय भार पचवून बायोगॅस देतात, पण रंग मागं राहतो, आणि पाणी नीट हाताळलं नाही तर शेजारच्या विहिरींना त्याचा त्रास होतो. तो रंग खाणारी बुरशी किंवा जिवाणू शोधणं हा तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा अस्सल विषय आहे, आणि नमुना आणायला सायकल पुरते. दुधाचंही तेच. संकलन केंद्रावरच्या दुधात मिथिलीन ब्ल्यू टाकून निळा रंग किती वेळात उडतो हे पाहायला ना मोठं अनुदान लागतं, ना परदेशी यंत्र. उन्हाळ्यात दुपारी आणि पहाटे असं दोनदा पाहिलं की गावाला बल्क कूलर का हवा, हे त्याच गावची पोरगी ग्रामसभेत आकडे देऊन सांगू शकेल.

त्यासाठी कारखान्यानं आपल्या प्रयोगशाळेचं दार कॉलेजला उघडायला हवं आणि विद्यापीठानं अशा कामाला प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण द्यायला हवेत. पहिली गोष्ट संचालक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकते. दुसरीला अभ्यास मंडळ लागतं, आणि तिथं आपल्या जिल्ह्यातले प्राध्यापक बोलले तरच ती पुढं सरकेल.