कालवा ज्वारीसाठी, गाव उसाचं

सोलापुरात रूम करून राहणाऱ्या कुणालाही विचारा, नळाला पाणी कधी येतं? 'चार-पाच दिवसांनी' हे उत्तर ठरलेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं, तेव्हा कट्ट्यावर निकालही लागला होता: सगळं पाणी उसानं प्यायलं! ग्रुपमध्ये माळशिरस-अकलूजकडचा एखादा मित्र असेल तर तो अशा वेळी गप्प बसतो, नाही तर भांडतो. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, त्या भांडणात पडण्याआधी माळीनगरची गोष्ट माहीत असलेली बरी.

अकलूजच्या शेजारचं हे गाव. तिथलं पाणी उजनीचं नाही, नीरेचं. पण वाद तोच. आणि शंभर वर्षांपूर्वी या नावाचं गावच नव्हतं.

सुरुवात दुष्काळापासून होते. १८७६-७८ च्या दुष्काळानं दख्खनमध्ये माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यानंतर इंग्रज सरकारनं नीरेच्या खोऱ्यात भाटघर धरण बांधलं, १८८५ मध्ये डावा कालवा बारामतीकडे सोडला. हेतू काय? पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी. पण गंमत अशी झाली, की पाऊस बरा झाला की शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईनातच. ज्वारीला कशाला विकतचं पाणी? कालवा तोट्यात. मग सरकारलाच बारमाही पाणी घेणारं, पैसे देणारं गिऱ्हाईक हवं झालं. ते म्हणजे ऊस. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली, त्यात एक तृतीयांश भागात ऊस आणि बाकीच्यात इतर पिकं असा हिशेब होता. म्हणजे तेव्हाही उसाला मर्यादा होतीच. ती पुढे कुठे गेली, ते आज कालव्याच्या कडेनं एक चक्कर मारली की दिसतं.

हे बारमाही पाणी वापरायचं कसं, हे ज्यांना येत होतं ते होते पुरंदरमधल्या सासवडचे माळी. विहिरीवर भाजीपाला पिकवणारे, गुळाचं गुऱ्हाळ चालवणारे. कालव्यामागोमाग ते आधी बारामती भागात उतरले. पुढे भाटघरचं मोठं धरण झालं, उजवा कालवा माळशिरसकडे आला, तसे तेही आले. स्थानिकांच्या जमिनी खंडानं घेतल्या आणि ऊस लावला.

पण इथवर गाव नाहीच. पाणी आलं, ऊस आला, आणि जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. आता? १९३२ मध्ये सरकारनं देशी साखरेला संरक्षण दिलं होतं. या शेतकऱ्यांनी त्याच वर्षी स्वतःच भागभांडवल उभं करून 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' काढली. सहकारी नव्हे बरं का, कंपनी. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० चा. हे त्याच्या कितीतरी आधीचं. कारखान्याभोवती वसाहत, शाळा, दुकानं आली आणि माळीनगर झालं.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. अशा कारखान्यांना जमिनी देणारे खंडकरी. १९६१ च्या सीलिंग कायद्यानंतर खासगी कारखान्यांकडच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या आणि मूळ मालक हात चोळत बसले. माळशिरस तालुक्यातले खंडकरीही त्यात होते. जमीनवाटप सुरू व्हायला २०१२ उजाडलं. तोवर एक पिढी कोर्टात आणि मोर्च्यांत संपली.

आता पुन्हा कट्ट्यावर येऊ. पाणी आल्यानं माळीनगर झालं, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं. पाणी होतं तेव्हा तिथे फक्त शेतं होती. मालाला खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा गाव झालं. आजही शेतकरी ऊस का लावतो? त्याला पाण्याची किंमत कळत नाही म्हणून? छे! उसाला एफआरपी आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे (कारखाने थकवतात, ही गोष्ट वेगळी), तोडणीला टोळी येते, त्या उसावर सोसायटी कर्ज देते. आता इथेनॉलही आलंय. याउलट मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन आहे, आणि विकायला गेलात तर भाव व्यापारी सांगेल तो. सोलापूरच्या डाळिंबालाही जीआय आहे, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. पण तेल्या आला की बाग जाते आणि सोबत कर्ज उरतं.

पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात दोन हजारांहून जास्त मिलिमीटर पाणी मागणारं पीक इतकं पसरणं चूकच आहे, यात मला शंका नाही. पण 'ऊस बंद करा' हे शहरातून म्हणणं फार स्वस्त पडतं. १९३२ मध्ये उसासाठी जे उभं राहिलं, ते ज्वारी, करडई, डाळिंबासाठी अजून कुणी उभं केलेलं नाही. तुमच्यातले किती तरी जण ॲग्री, फूड टेक, कॉमर्स शिकताय. प्रोजेक्टला विषय शोधताय ना?

पुढच्या वेळी वाद निघाला की त्या माळशिरसच्या मित्राला एवढंच विचारा: घरी ऊस मोडला, तर तुमच्या शेतातला माल घ्यायला बांधावर कोण येईल? तो काय सांगतो ते ऐका.