हरितगृहाआधी माळ्याची तरतूद

नगरातील सार्वजनिक उद्यानाच्या औषधी वनस्पती विभागासाठी हरितगृह उभारावे व त्याकरिता सभासदांकडून निधी जमवावा, असा प्रस्ताव आपल्या शाखेच्या आगामी वार्षिक सभेपुढे येत आहे. हेतू स्तुत्य आहे. तरीही मत देण्यापूर्वी काही गोष्टी वैद्यबंधुभगिनींच्या कानी घालणे आम्ही कर्तव्य समजतो.

उद्यान सांभाळणे हे नगरपालिकेचे काम, वैद्यांनी पदरचे पैसे का घालावेत, असा आक्षेप काही ज्येष्ठांनी बोलून दाखविला. तो आम्हांस मान्य नाही. वनस्पती नामरूपाने ओळखणारे म्हणून चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांचा उल्लेख केला आहे. आज आपल्यापैकी किती जणांना सीतेचा अशोक पानाफुलांवरून ओळखता येईल? रस्त्याकडेला उंच वाढणारे, लोक ज्याला सरसकट अशोक म्हणतात ते झाड निराळ्याच कुळातले. तरी त्याची साल अशोकाच्या नावाने बाजारात येते आणि अशोकारिष्ट आपण विश्वासाने लिहून देतो. रास्नेचे तर विचारूच नये. उत्तरेकडे एक वनस्पती, केरळात दुसरीच. जिवंत झाड पाहिल्यावाचून हा घोळ सुटणार नाही.

मात्र प्रस्तावात प्लॅस्टिकच्या कागदाने आच्छादलेले बंदिस्त हरितगृह सुचविले आहे, तेथे आमचे मत वेगळे आहे. थंड देशांत अशी गृहे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधतात. आपल्याकडे वैशाखात त्याची भट्टी होते. पंखे व ओले पडदे बसवावेत, तर विजेचे देयक कोण भरणार? शिवाय तो कागद तीन-चार वर्षांत बदलावा लागतो. ब्राह्मी व मंडूकपर्णीस हवा ओलावा आणि थोडी सावली. सर्पगंधेचे बी कमी व अनियमित रुजते. अशोकाचे बी पिकताच पेरावे लागते, ठेवले की वाया जाते. या साऱ्यांना ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, तुषार सिंचन व चांगल्या मातीचे वाफे पुरेत. गुळवेलीला तेही नको. बोटभर जाडीची कांडी कडुनिंबाखाली खोचली की झाले.

पूर्वी एका उद्यानात आम्ही वर्गणीतून औषधी रोपे लावली होती. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली. दुसऱ्या उन्हाळ्यात माळ्याची बदली झाली आणि फुटलेला पाण्याचा नळ महिनाभर तसाच राहिला. जूनमध्ये जाऊन पाहतो तो वेखंडाचा वाफा कोरडा ठणठणीत. नाव, कुळ व उपयोग सांगणारी पाटी तेवढी शाबूत! अडुळसा व कोरफड तगली होती, पण ती कोठेही तगतात. दोष केवळ पालिकेचा नव्हे. वर्षभराच्या पाण्याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

म्हणून आमची उपसूचना अशी : निधीतून जाळीगृह व पाण्याची टाकी एवढेच बांधावे आणि किमान तीन वर्षांच्या माळ्याच्या वेतनाची रक्कम प्रथम बाजूला काढावी. ती जमेपर्यंत एकही खांब उभा करू नये. जागा व पाणी यांविषयी पालिकेशी लेखी करार व्हावा. केंद्र शासनाने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडे साहाय्यासाठी अर्ज जरूर करावा, परंतु त्या भरवशावर काम आरंभू नये.

ही उपसूचना आम्ही सभेत मांडणार आहोत. ज्यांना ती अमान्य असेल त्यांनी तर अगत्याने यावे; विजेच्या देयकाचे उत्तर मात्र सोबत आणावे.