कापड मोजता, मग संगणकही मोजा

रमजान जवळ आला की आपले व्यापारी बांधव जकातीसाठी मालाची मोजदाद करतात. ठाण न् ठाण मोजले जाते, येणे-देणे जोडले जाते. धंद्याच्या अवजारांवर जकात नाही, म्हणून दुकानातील संगणक मोजण्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. पण आज उधारी आणि जीएसटीचे हिशोब त्याच यंत्रात आहेत. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ते लिखाण कोणत्या यंत्रात आहे, हे मालकालाच ठाऊक नसावे काय?

मोजदादीच्या तीन पद्धती आहेत. पहिली, स्वतः फिरून वहीत नोंद करणे. दुसरी, एका संगणकावरून संपूर्ण नेटवर्क तपासणे. तिसरी, प्रत्येक यंत्रात छोटा प्रोग्राम बसवणे. तो आपली माहिती मुख्य यंत्राकडे पाठवतो.

दुसरी पद्धत झटपट आहे, परंतु त्या वेळी बंद असलेले यंत्र तिला दिसत नाही. जव्हार-मोखाड्यात वीज गेली की निम्मी यंत्रे यादीतून गायब! आणि बंद यंत्राची किंमत कमी समजू नये. जून २०१७ च्या संगणकी हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली. न्हावाशेवा बंदरातील तिचे टर्मिनलही थांबले. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नेटवर्कची महत्त्वाची नोंद वाचली ती घाना देशातील एका यंत्रात, कारण वीज गेल्यामुळे ते बंद होते.

तिसऱ्या पद्धतीत यंत्र उशिरा सुरू झाले तरी जोडणी मिळताच माहिती येते. मात्र ज्या यंत्रात प्रोग्राम बसवलाच नाही, ते सुटते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पाच-सात यंत्रे असतील तर वहीच पुरे. विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडू नये. जव्हारला दुकान, मोखाड्याला शाखा, भिवंडीला गोदाम असा पसारा असेल तर तिसरी पद्धत घ्यावी, पण वर्षातून एकदा वहीशी ताळा करावा.

वहीत यंत्राचा क्रमांक, जागा, वापरणारा, विंडोजची आवृत्ती आणि हिशोबाची नक्कल शेवटची कधी काढली ती तारीख लिहावी. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. अशी यंत्रे आपल्याकडे किती, हे मोजल्याशिवाय कसे कळणार?

ग्राहकाचा हिशोब ही आपल्याकडील अमानत आहे. यंदा मालाबरोबर यंत्रेही मोजावीत.