अर्ध्या पगाराचे दिवस



राजर्षी शाहू छत्रपतींनी 1906 साली पाया घातलेली कोल्हापूरची शाहू मिल 2003 साली बंद पडली. आपल्या शाहूपुरीला हा अनुभव नवा नाही. ज्याला आयुष्यभर एकाच यंत्राचे काम येते, त्याने ते यंत्र थांबल्यावर करावे काय, हा प्रश्न मात्र आजही अनुत्तरित आहे.

कामबंदीच्या, म्हणजे ले-ऑफच्या, दिवसांत मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळण्याचा हक्क 1953 च्या दुरुस्तीने कायद्यात आला. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. त्यास एक अट आहे: कामगाराने रोज एकदा ठरल्या वेळी कारखान्यात हजर झाले पाहिजे. मालकाने अर्धा पगार द्यावा, कामगाराने सही करून घरी परतावे, यात कोणाचे हित साधते? त्याच वेळी त्याला वेल्डिंग, टर्निंग वा संगणकीय यंत्रावरील काम शिकवता येणार नाही काय?

संहितेत पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचा पगार त्यात भरावा व ती रक्कम 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावी. परंतु ती मिळते नोकरी गेल्यावर. पंधरा दिवसांच्या पगारात वाण्याची उधारी फिटेल, नवे कसब येणार नाही. म्हणून शिक्षण हजेरीपटावर नाव असतानाच मिळाले पाहिजे.

कसबाचे मोल आपल्याइतके कोणास कळणार? मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, एवढ्या निमित्ताने अस्पृश्य कामगारांस अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात शिरू देत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठविण्याची मागणी केली. शिकू न देणे म्हणजे भाकरी हिरावणे, हे त्यांनी ओळखले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ले-ऑफची भरपाई पन्नासांहून कमी कामगारांच्या कारखान्यास लागू नाही. बदली व नैमित्तिक कामगारांस आणि एक वर्षाची सलग सेवा न झालेल्यांसही ती मिळत नाही. शिवाजी उद्यमनगरातील लहान कारखान्यांत राबणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी शासनाने औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत अल्पमुदतीचे वर्ग उघडावेत आणि शिकण्याच्या काळात दैनिक भत्ता द्यावा. उपाशी पोटी कोणी शिकत नाही.

तेव्हा नियुक्तिपत्र मागून घ्या. हजेरीचा पुरावा जपून ठेवा. पुढील वेतनकरारात कामबंदीच्या काळातील प्रशिक्षणाचे कलम घालण्याचा आग्रह आपल्या युनियनजवळ धरा, आणि त्या वर्गांत स्त्री-कामगारांची नावे पहिल्या यादीत असतील हे पाहा. कारखाना चालू आहे तोवरच ही मागणी करता येते. दारास कुलूप लागल्यावर ती ऐकणारा कोणी उरत नाही.