स्वस्त खाणावळीतला इतिहासाचा तास



परदेशातल्या जेवणाचा विषय वर्गात निघाला की मागच्या बाकावरून "ईऽऽ, ते लोक काहीपण खातात!" हमखास ऐकू येतं. वर्ग हसतो आणि धडा पुढे सरकतो. माझं म्हणणं असं, की तिथेच थांबावं. त्या "ईऽऽ"वर एक तास द्यावा. त्यासाठी तैवानमधली साधी, स्वस्त खाणावळ हे फार चांगलं उदाहरण आहे.

तैपेई किंवा ताइनानच्या गल्ल्यांत अशा खाणावळी जागोजागी आहेत. चार-सहा टेबलं, बसायला स्टुलं, दारातच उकळणारं मोठं पातेलं. बऱ्याच ठिकाणी पदार्थांची यादी छापलेला कागद आणि पेन्सिल ठेवलेली असते. हव्या त्या पदार्थापुढे खूण करायची आणि कागद द्यायचा. चॉपस्टिक, चमचे आपले आपण घ्यायचे. इथली ओळखीची वाटी म्हणजे ‘लू रोऊ फान’. सोया सॉसमध्ये मंद शिजवलेले डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे आणि त्याखाली गरम भात. मांस थोडं, भात पुष्कळ. थोड्याशा कालवणावर घरभर जेवण भागवणाऱ्या कुठल्याही आईला हा हिशोब लगेच कळेल.

शेजारच्या टेबलावर बीफ आणि गव्हाच्या नूडल्सचा वाडगा असतो. तैवान तर भात खाणारा देश, मग हे कुठून आलं? १९४९ साली चीनमधलं यादवी युद्ध हरलेलं सरकार तैवानमध्ये आलं. त्याच्यासोबत दहा लाखांहून अधिक सैनिक आणि नागरिक आपापल्या प्रांताच्या चवी घेऊन आले. पुढे १९५१ ते १९६५ या काळात अमेरिकी मदत आली आणि तिच्यासोबत गहू. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आणि सुकडी आठवणारे आजी-आजोबा अजून आहेत. मदतीचं धान्य ताटात कसं शिरतं, ते मुलांनी त्यांनाच विचारावं.

गंमत म्हणजे तैवानमधली कित्येक जुनी शेतकरी घरं बीफ खात नाहीत. जे जनावर आपल्या शेतात राबलं, त्याचं मांस कसं खायचं, ही त्यांची भावना. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

मग येते रताळ्याच्या पानांची परतलेली भाजी. एके काळी ही पानं डुकरांना घालत आणि गरीब खात. आज ती आवडीने मागवली जाते. बेटाचा आकार रताळ्यासारखा, म्हणून तिथले जुने रहिवासी स्वतःला ‘रताळी’ म्हणवत आणि १९४९नंतर आलेल्यांना ‘अळूचे कंद’. एकाच गावात शेजारी राहणाऱ्या माणसांची अशी वाटणी झाली होती. पुढे त्यांच्यात लग्नं झाली, मुलं झाली, आणि आज दोघांचे पदार्थ एकाच यादीत छापलेले असतात.

शाकाहारी पालकांनो, तुमच्यासाठीही तिथे जागा आहे. बौद्ध परंपरेमुळे तैवानमध्ये शाकाहारी खाणावळी पुष्कळ आहेत. काही ठिकाणी ताट वजनावर मोजून पैसे घेतात. त्यांतल्या बऱ्याच खाणावळींत कांदा-लसूणसुद्धा नसतो, अगदी आपल्या चातुर्मासासारखा.

कोणी म्हणेल, "मग मुलांनी सगळं खायचं का?" मुळीच नाही. न खाणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. पण "मी खात नाही" आणि "शी, तू हे खातोस!" ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत.

हा फरक तैवानपुरता नाही. सुकटीचा वास येईल म्हणून डबा झाकून, भिंतीकडे तोंड करून जेवणारं मूल आपल्याच शाळेत असतं. त्याला कोणी मारत नाही, पण रोज दुपारी ते थोडं थोडं एकटं पडतं. त्याच्या डब्याबद्दल थेट बोलायला गेलो तर ते आणखी अवघडतं. दूरच्या देशाच्या ताटावर मात्र मोकळेपणाने बोलता येतं.

म्हणून फळ्यावर तीनच प्रश्न लिहा. हा पदार्थ इथे कसा आला? तो स्वस्त का आहे? जे तो खात नाहीत, ते का खात नाहीत? आधी तैवानच्या वाटीबद्दल उत्तरं शोधू द्या. मग सगळ्यांना, शिक्षकांसकट, आपापल्या डब्याबद्दल हेच विचारा.