रॉड तुमचा, जीव माशाचा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा शिकागो. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आपली पोरं पहिला हिवाळा कशीबशी काढतात. मग उन्हाळा येतो, ऑफिसमधला नाहीतर लॅबमधला कुणीतरी म्हणतो, चल, तलावावर जाऊ. आणि तिथे एक नाव कानावर पडतं : मस्की. त्यानंतर आठवडाभर काय चालतं ते सांगायला नको. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ, ऑनलाइन कार्टमध्ये तीन रॉड, आणि भारतातल्या मित्रांच्या ग्रुपवर प्रश्न, 'यार, कुठला घेऊ?'

या प्रश्नाला आमचं उत्तर थोडं वेगळं आहे. रॉड निवडताना 'मला काय झेपेल' आणि 'मला काय परवडेल' हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. तिसरा कुणी विचारत नाही : या रॉडवर लागलेला मासा परत पाण्यात जिवंत जाईल का? मस्कीच्या बाबतीत हा तिसरा प्रश्न पहिला आहे.

आधी मासा समजून घेऊ. पूर्ण नाव मस्कलंज. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा हा शिकारी. लांबलचक अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा आणि आत सुरीसारखे दात. चार फुटांचा मस्की मिळणं दुर्मिळ असलं तरी अशक्य नाही. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. तिथल्या हेवर्ड गावात तर मस्कीच्या आकाराची एक अख्खी इमारत उभी आहे, आणि लोक तिच्या जबड्यात उभं राहून फोटो काढतात. याला तिकडे 'दहा हजार कास्टचा मासा' म्हणतात. म्हणजे दहा हजार वेळा आमिष फेका, तेव्हा एकदा लागणार. आकडा गमतीचा आहे, पण दिवसच्या दिवस रिकाम्या हाताने परतण्याची तयारी हवी, हे खरं.

आता महत्त्वाचं. मिनेसोटात साधारण नियम असा की ५४ इंच, म्हणजे साडेचार फुटांपेक्षा लहान मस्की घरी नेता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये साधारण मर्यादा ४० इंच आहे आणि काही तलावांत त्याहून जास्त. म्हणजे नवख्याला लागणारा जवळपास प्रत्येक मस्की कायद्यानेच परत सोडावा लागतो. जो ठेवता येतो, तोही बहुतेक जाणकार सोडून देतात. कारण मस्की मुळातच कमी असतात आणि सावकाश वाढतात. ५० इंचांची मादी व्हायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. ती मेली तर पुढच्या उन्हाळ्यात तिची जागा भरत नाही. ही समज आपोआप आलेली नाही. १९६६ साली मिनेसोटात 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' ही संस्था निघाली आणि 'पकडा आणि सोडा' ही सवय रुजवायला तिने वर्षानुवर्षं खपून काम केलं.

पण सोडलेला मासा जगतोच असं नाही. दमवून दमवून आणलेल्या माशाच्या अंगात लॅक्टिक आम्ल साठतं. तो पोहत जाताना दिसतो, आपण टाळ्या वाजवतो, आणि काही तासांनी तो कुठेतरी तळाशी मरून पडलेला असतो. पाणी कोमट असेल तर धोका आणखी वाढतो, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी. म्हणूनच पाण्याचं तापमान २७ अंशांच्या आसपास गेलं की समजूतदार मंडळी मस्कीच्या मागे जाणं थांबवतात.

इथे रॉडचा संबंध येतो. 'हलक्या रॉडवर मोठा मासा खेळवण्यात खरं स्किल' असं सांगणारे भेटतील. इतर माशांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असेलही बरोबर. मस्कीला मात्र हलका रॉड म्हणजे लांबलेली झुंज, आणि लांबलेली झुंज म्हणजे दमलेला मासा. काही मिनिटांत मासा जाळ्यात यायला हवा. त्यासाठी दणकट सामान लागतं. दणकट सामान इथे शो नाही, दया आहे.

मग काय घ्यायचं? पहिल्या रॉडसाठी साडेआठ फुटांच्या आसपासची लांबी बघा. आठ ते नऊ फुटांमध्ये काहीही चालेल. पॉवर 'हेवी', ॲक्शन 'फास्ट'. लांबी का? मस्कीला एक खोड आहे. तो आमिषाच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येतो आणि तिथे नुसता बघत राहतो. अशा वेळी रॉडचं टोक पाण्यात घालून आमिष इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं असतं. रॉड आखूड असेल तर वळण छोटं पडतं, आणि चार फुटांच्या माशाला तेवढ्यात वळता येत नाही. गाडी छोटी असेल तर मूठ आत सरकणारे टेलिस्कोपिक रॉड मिळतात, ते घ्या.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत आमिषाचं वजन छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मस्कीची आमिषं साधारण दोन औंसांपासून पुढे, म्हणजे ५५-६० ग्रॅमपासून सुरू होतात आणि काही तर पाव किलोच्या घरात जातात. बास माशासाठीचा नेहमीचा रॉड एखाद्या औंसासाठी बनवलेला असतो. रूममेटचा तोच रॉड 'बघू तरी' म्हणून वापरला तर एक तर रॉड मोडेल, नाहीतर खांदा.

रील बेटकास्टिंगचाच घ्या, ३०० किंवा ४०० साइजचा. गिअर रेशोचा बाऊ करू नका. ६:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की स्पूल सहा वेळा फिरतो, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या पात्यांची आमिषं पाण्यात जोरात ओढ घेतात, तिथे फार वेगवान रील मनगट तोडतो. अगदी हळू रील असेल तर माशामुळे सैल पडलेली लाईन वेळेत गोळा होत नाही. पहिल्या रीलला ५ ते ६ च्या दरम्यानचा रेशो बरा.

या रीलवर सुरुवातीला लाईनचा गुंता होणार म्हणजे होणारच. आमिष पाण्याला टेकलं तरी स्पूल फिरत राहतो, म्हणून. उपाय सोपा आहे : बाजूची छोटी टेन्शनची चकती इतकी आवळा की बटण दाबल्यावर आमिष हळूहळू खाली उतरेल, आणि फेकताना अंगठा स्पूलवरून उचलून टाकू नका. पहिले दोन दिवस गळ नसलेलं वजन बांधून मोकळ्या मैदानात सराव करा. बोटीत शेजारी माणूस असतो आणि आमिषाला गळ असतात, हे विसरू नका.

लाईन ८० ते १०० पाउंडांची ब्रेडेड. तीस पाउंडांच्या माशाला एवढी कशाला, असं वाटेल. मासा हे एकच कारण नाही. जड आमिष फेकताना गुंता झाला की हलकी लाईन तिथेच तुटते. शिवाय पातळ लाईन ताणाखाली स्पूलमध्ये रुतून बसते. पुढे दात न कापू शकणारा स्टीलचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच. लीडर नसेल आणि लाईन तुटली, तर 'मासा सुटला' असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो तोंडात तीन तिहेरी गळ, म्हणजे नऊ टोकं अडकवून घेऊन गेलेला असतो.

आता पैसे. दीडशे डॉलरच्या आसपास बरा रॉड मिळतो, दीडशे ते दोनशेत पहिल्या काही वर्षांचा रील. त्याहून महाग घ्यायची घाई नको. इथेच बहुतेकांची चूक होते. सगळं बजेट रॉड-रीलवर संपतं आणि मोठं जाळं, लांब तोंडाची पक्कड, गळ कापायची कात्री 'नंतर बघू' यादीत जातात. हे उलट करा. आधी रबराचा लेप असलेलं खोल जाळं, पक्कड आणि कात्री. उरलेल्या पैशात रॉड-रील, गरज पडली तर सेकंडहँड. मासा जाळ्यात, पाण्यातच राहू द्या. गळ तिथेच काढा. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता कापून टाका. फोटो हवाच असेल तर दोन्ही हातांनी आडवा धरा, काही सेकंदांत परत पाण्यात. जबड्याला धरून उभा लटकवलेला मस्की फोटोत भारी दिसतो, पण त्या पोजमध्ये त्याच्या सगळ्या वजनाचा ताण जबड्यावर आणि मणक्यावर येतो.

आणि जाळंही परवडत नसेल तर? मग या वर्षी रॉड घेऊ नका. मॅडिसनला लेक विंग्रा, मिनिआपोलिसजवळ लेक मिनेटोंका, डेट्रॉइटजवळ लेक सेंट क्लेअर, सगळीकडे मस्की आहेत आणि मस्कीवेडी माणसंही आहेत. लायसन्स काढा, एखाद्या जाणत्याच्या बोटीत बसा, त्याचा रॉड हातात घ्या, त्याला मासा सोडताना बघा.

हे सगळं आपल्याला परकं नाही. महाडजवळ वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला महाशीरची पिल्लं वाढवून नद्यांत सोडण्याचं काम १९७०च्या दशकापासून चालू आहे. उद्या तुम्ही सुट्टीत इकडे आलात आणि महाशीरसाठी रॉड घ्यायला निघालात, तरी हिशेब हाच राहील : परवानगी आहे का, झुंज लवकर संपेल एवढं सामान आहे का, आणि मासा सोडायची तयारी आहे का.

तेव्हा मित्रांनो, कार्टमधले ते तीन रॉड आज तसेच राहू द्या. आधी जाळं आणि पक्कड टाका, मग परत 'कुठला घेऊ' विचारा. तोवर निम्मं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळालेलं असेल.