रुंद गाड्या, अरुंद जागा आणि दारावरची पट्टी

नव्याकोऱ्या गाडीच्या दारावर पहिला पोचा रस्त्यावर क्वचितच पडतो. तो पडतो सोसायटीच्या स्टिल्टमध्ये किंवा मॉलच्या तळघरात, गाडी बंद असताना आणि मालक तिथे नसताना. शेजारच्या गाडीचे दार कुणीतरी उघडते, त्याची कड आपल्या दारावर टेकते, आणि सकाळी तिरप्या उजेडात पत्र्यावर हरभऱ्याएवढा खळगा दिसतो. त्याच्या मधोमध शेजारच्या गाडीच्या रंगाची बारीक रेघही असते. यावरचा जुना उपाय म्हणजे दारांवर आडवी बसवलेली प्लॅस्टिकची किंवा रबराची पट्टी, दुकानदारांच्या भाषेत साइड बीडिंग. आज ती हौशी मालकांची चैन समजली जाते. सीट कव्हर आणि परफ्यूमच्या बाटलीशेजारी टांगलेली वस्तू. मला हे वर्गीकरणच चुकीचे वाटते. ही पट्टी एकेकाळी गाडीचा भाग होती. गाड्या रुंद होत गेल्या नेमक्या त्याच वर्षांत ती दारांवरून नाहीशी झाली, आणि तिचा खर्च ग्राहकाच्या गळ्यात पडला. ती कंपन्यांनीच पुन्हा, कामाच्या उंचीवर, बसवून दिली पाहिजे.

आधी साधा हिशेब मांडू. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा ठरवली, आणि एकूण जागांपैकी निम्म्यापर्यंत जागा २.३ मीटर बाय ४.५ मीटर एवढ्या लहान ठेवण्याची मुभाही दिली. तेव्हा देशात सर्वाधिक खपणारी मोटार होती मारुती ८००. तिची रुंदी १,४४० मिलिमीटर. अशा दोन गाड्या अडीच मीटरच्या दोन शेजारशेजारच्या जागांत मधोमध उभ्या केल्या, तर दोघींमध्ये १०६ सेंटिमीटर मोकळे राहत. लहान जागेतसुद्धा ८६ सेंटिमीटर उरत. आज त्याच चौकटीत ह्युंदाईची क्रेटा किंवा मारुतीची ब्रेझा येते. दोन्हींची रुंदी १,७९० मिलिमीटर. मोकळी जागा ७१ सेंटिमीटरवर येते, लहान जागेत ५१ वर. महिंद्राची स्कॉर्पिओ-एन १,९१७ मिलिमीटर रुंद आहे. अशा दोन गाड्या लहान जागांत शेजारी आल्या तर मध्ये ३८ सेंटिमीटर राहतात. हे सगळे आकडे बाजूचे आरसे वगळून आणि गाडी अगदी मधोमध लावली आहे असे धरून. सडपातळ माणसालाही बाहेर पडायला दार दीड-पावणेदोन फूट उघडावे लागते, म्हणजे पंचेचाळीस ते त्रेपन्न सेंटिमीटर. स्टिल्टमध्ये एका बाजूला खांब असेल तर चालक खांबापासून सुटायला गाडी दुसऱ्या बाजूला सरकवतो, आणि तिकडच्या शेजाऱ्याच्या वाट्याचे दहा सेंटिमीटर आणखी जातात. दार आदळते ते बहुतेक वेळा बेफिकिरीमुळे नाही. आदळल्याशिवाय ते उघडतच नाही.

रुंदी अशी का वाढली, याचे एक कारण आपल्या करपद्धतीत आहे. २००६च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले आणि लहान मोटार कोणती हे ठरवताना लांबीची मर्यादा चार मीटर घातली, सोबत इंजिनाचीही. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही चार मीटरची रेघ कायम राहिली. सप्टेंबर २०२५च्या करकपातीनंतरही आहे. रुंदीबद्दल मात्र या व्याख्येत चकार शब्द नाही. लांबी वाढवली तर कर वाढतो, रुंदी वाढवली तर वाढत नाही. मागच्या सीटवर तिघांना बसवायचे, गाडीला दणकट रूप द्यायचे आणि दुर्घटनेत बाजूने बसणारा मार सोसायला दारांत जागा ठेवायची, तर आरेखनकाराने आणखी कुठे जायचे? चार मीटरच्या आतली टाटा नेक्सॉन १,८०४ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे आठशेपेक्षा फूटभराहून जास्त. रुंदीचे फायदे खरे आहेत आणि कुणीही आठशेच्या अंगाकडे परतायला सांगत नाही. पण या रुंदीची किंमत पार्किंगमध्ये मोजली जाते आणि ती शेजारी मोजतो, एवढे तरी मान्य व्हावे.

नव्वदच्या दशकातल्या मारुती एस्टीम किंवा ह्युंदाई ॲक्सेंटसारख्या गाड्या आठवा. दारांच्या मधल्या भागावर आडवी, जाड पट्टी असे आणि तिथेच पत्र्याचा सर्वांत बाहेर आलेला भाग असे. पुढे गुळगुळीत, सलग दारांची चाल आली आणि पट्टी कालबाह्य ठरली. ग्राहकाला दारावर प्लॅस्टिक आवडत नाही, असे कारण दिले जाते. पण आजच्या जवळपास प्रत्येक एसयूव्हीवर काळे प्लॅस्टिक सढळ हाताने वापरलेले आहे: चाकांच्या कमानींवर, दारांच्या तळाशी, बंपरवर. त्याला क्लॅडिंग म्हणतात आणि त्यासाठी ग्राहक आनंदाने पैसे मोजतो. खडी उडाली तर तळाचा रंग वाचतो हे खरे; पण शेजारच्या दाराची कड तळाशी लागत नाही, ती लागते त्याच्या हातभर वर. म्हणजे ग्राहकाला प्लॅस्टिकचे वावडे नाही. ते चुकीच्या उंचीवर लावलेले आहे इतकेच. फ्रान्सच्या सिट्रोएनने २०१४च्या सी४ कॅक्टसमध्ये हा प्रश्न सरळ अंगावर घेतला. दारांवर हवेच्या फुगीर कप्प्यांचे मऊ आवरण दिले, त्याला एअरबंप हे नाव दिले, आणि गाडी जगभर ओळखली गेली ती त्यामुळेच. २०१८च्या सुधारित आवृत्तीत ते कप्पे आक्रसून खाली उंबरठ्याजवळ गेले. तिथे ते दिसायला बरे होते, उपयोगाला जवळजवळ शून्य.

'विमा आहे ना' हे उत्तर इथे कामाचे नाही. विम्याचा दावा केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. हा बोनस गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो: पहिल्या दावाविरहित वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. पन्नास टक्क्यांवर पोहोचलेल्या मालकाने एका दाराच्या पोच्यासाठी दावा केला, तर पुढच्या नूतनीकरणाला त्याचे ५० टक्के जातात. त्यानंतरच्या वर्षांत तो २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढत असताना अनुक्रमे ३०, २५, १५ आणि ५ टक्के जातात. बेरीज १२५ टक्के. मूळ हप्ता १२ हजार रुपयांचा असेल तर हे १५ हजार झाले, वर दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीचे आपल्या खिशातून. एक दार रंगवून घ्यायला यापेक्षा बराच कमी खर्च येतो, म्हणून शहाणा माणूस दावा करत नाही. तो गॅरेजवाल्याकडे जातो, आणि तिथे मेटॅलिक रंगाची छटा जुळवायला शेजारच्या पॅनेलवरही स्प्रे मारावा लागतो. पुढे गाडी विकताना खरेदीदाराचा माणूस रंगाची जाडी मोजणारे यंत्र दाराला लावतो आणि दुसऱ्यांदा रंगलेले दार म्हणजे अपघात, असे समजून भाव पाडतो. रंग न तुटलेला पोचा आतून सळईने दाबून, रंग न लावता काढणारे कारागीर आता शहरांत मिळतात. पण कडेच्या माऱ्याने रंग फुटला असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

यावरचा सर्वांत आवडता आक्षेप म्हणजे माणसांना शिस्त लावा, पट्ट्या कसल्या लावता. शिस्त हवीच. पण आधीचा हिशेब शिस्तीने बदलत नाही. मागच्या सीटवरून उतरणारे सात वर्षांचे मूल दाराचे वजन हाताने पेलू शकत नाही, आणि उतारावर उभ्या गाडीचे दार आपल्या भाराने सुटते. कुणी केले हे कळले तरी वसुलीची सोपी वाट नाही, आणि कळणेही अवघड. स्टिल्टमधला कॅमेरा बहुधा फाटकाकडे तोंड करून असतो. यापेक्षा वजनदार आक्षेप असा की दोष जागेचा आहे, तर जागा वाढवा. तत्त्वतः मान्य. २०२४ मध्ये महारेराने विकासकांना पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण वाटपपत्रात आणि करारात लिहिणे बंधनकारक केले. त्यामुळे निदान फसवणुकीला आळा बसेल. पण कागदावर अडीच मीटर लिहिले म्हणून ते तीन मीटर होत नाहीत, आणि बांधून झालेल्या हजारो इमारतींचे खांब कुणी हलवणार नाही. सोसायटीला करता येण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: दोन रुंद गाड्या शेजारी येऊ न देता एका रुंद गाडीशेजारी लहान हॅचबॅक किंवा दुचाक्यांची रांग ठेवणे. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आला की मात्र प्रत्येक जण आपापला खांब धरून बसतो.

पट्टीविरुद्धचा खरा तांत्रिक आक्षेप उंचीचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हॅचबॅकच्या दाराची कड एका उंचीवर लागते, उंच एसयूव्हीची दुसऱ्या. पट्टी दोन इंच रुंद. मारा तिच्या वर किंवा खाली बसला तर पैसे वाया. मॉलच्या तळघरात रोज नवा शेजारी, तिथे हा आक्षेप निम्मा खरा ठरतो. निम्माच, कारण पट्टी दाराच्या सर्वांत फुगीर रेषेवर असेल आणि पुरेशी जाड असेल, तर बहुतेक कडा तिलाच आधी भेटतात. आणि गाडी सर्वाधिक तास उभी राहते ती मॉलमध्ये नाही, घरी. घरचा शेजारी ठरलेला, त्याची गाडी ठरलेली, म्हणून माराही ठरलेल्या उंचीवर. शेजाऱ्याला विनंती करून त्याचे दार हळूच उघडायला लावावे, कड जिथे टेकते तिथे खडूने खूण करावी आणि पट्टीची मधली रेषा त्या खुणेवरून न्यावी. दुकानदार सहसा हे करत नाही. तो पट्टी दिसायला शोभेल अशा रेषेत लावतो. कंपन्यांना तर हे आणखी सोपे आहे. बाजारातल्या दहा-बारा खपाऊ गाड्यांच्या दारांची बाहेरची कड किती उंचीवर येते हे त्यांच्या अभियंत्यांना एका दुपारी मोजता येईल.

बाकीचे आक्षेप लवकर संपतात. पारदर्शक पीपीएफ फिल्म लावली की झाले, असे सांगणारे ओरखडा आणि पोचा यांत गल्लत करतात. ती पातळ फिल्म रंग वाचवते, मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा वाचवत नाही. पट्टीखाली पाणी साचून गंज चढतो, ही भीती भोके पाडून स्क्रूने बसवलेल्या पट्ट्यांच्या काळातली आहे. आजची पट्टी दुहेरी चिकटणाऱ्या ॲक्रिलिक फोमच्या टेपवर बसते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा केलेला असावा, हवा फार थंड नसावी, दाब सगळीकडे सारखा द्यावा आणि तीन दिवस गाडी धुऊ नये. टेप पूर्ण पकड घ्यायला सुमारे ७२ तास घेते. जानेवारीच्या पहाटे निफाडमध्ये कुणी हे काम करून मागू नये. पुढच्या दारावरच्या पट्टीचे मागचे टोक तिरपे कापलेले आहे का, हे तेवढे पाहावे. नाहीतर मागचे दार उघडताना ते मागच्या पट्टीत अडकते आणि दोन्ही उखडतात.

राहिली शेवटची बाब, आणि ती या सगळ्या युक्तिवादातली सर्वांत अडचणीची आहे. दारावरची पट्टी आपल्याला शेजाऱ्यापासून वाचवते; दाराच्या कडेवरचा रबरी गार्ड शेजाऱ्याला आपल्यापासून वाचवतो. दुसरी वस्तू कितीतरी स्वस्त आणि परिणामकारक, कारण मारणारी कडच मऊ झाली की शेजारच्या दाराची उंची कितीही असो. स्कोडाने कोडियाकमध्ये दार उघडताच कडेवर आपोआप सरकणारा आणि बंद होताना आत जाणारा गार्ड दिला, म्हणजे ही गोष्ट कारखान्यात होऊ शकते हे सिद्ध आहे. पण महागड्या गाडीतली चमत्कृती म्हणून ती राहिली. स्वतःच्या पैशाने दुसऱ्याचे दार वाचवायला बाजार आपणहून पुढे येत नाही, म्हणूनच हे काम नियमाने किंवा किमान कंपन्यांच्या संघटनेतल्या सहमतीने व्हायला हवे: दीड मीटरहून रुंद असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीला चारही दारांच्या कडांना मऊ गार्ड आणि फुगीर रेषेवर पट्टी, मूळ किमतीत. तोवर गाडीची डिलिव्हरी घेताना फुकट मॅट आणि परफ्यूमसाठी घासाघीस करण्याऐवजी या दोन वस्तू मागून घ्या, आणि दोन्ही मिळत नसतील तर कडेचा गार्ड आधी लावा.